सोयाबीन रोगांचे नियम : वेकाचा जेरिप ते क्लिप्स

सोयाबीनच्या जुन्या विदासंचात ३०७ नोंदी, ३५ लक्षणं आणि १९ रोगवर्ग आहेत. त्यावर वेका या यंत्रशिक्षणाच्या सॉफ्टवेअरमधला, ‘जर-तर’ नियम काढणारा जेरिप चालवला की अचूकता बरी दिसते, पण नियम वाचवत नाहीत. ‘पानावरील डागाचा आकार >= १’ असली अट निघते. कारण साधं आहे: लक्षणं आकड्यांत लिहिली आहेत. आकारात ० म्हणजे १/८ इंचापेक्षा लहान, १ म्हणजे मोठा आणि २ म्हणजे ‘लागू नाही’. म्हणजे मोठा डाग आणि डागच नाही, दोन्ही एकाच नियमात! कुठला कृषितज्ज्ञ यावर सही करेल?

इलाज: सीएसव्ही उघडल्यावर न्यूमेरिकटूनॉमिनल फिल्टर (आकड्यांना क्रम नसलेली नावं करणारा) सहाव्या रकान्यापासून शेवटपर्यंत लावा. महिना, पाऊस, तापमान खरोखर चढत्या क्रमाचे आहेत, ते आकडेच राहू द्या. रोगाचा रकाना पहिला आहे. वेका उत्तराचा रकाना म्हणून शेवटचा धरतो, तो बदला. प्रश्नचिन्ह म्हणजे माहिती नाही. त्याला ‘लागू नाही’मध्ये मिसळू नका. शेवटच्या चार वर्गांत मिळून १७च नोंदी आहेत, एकात तर एकच. ते वगळून २९० वर शिकवा. त्या चारांचे नियम तज्ज्ञाकडूनच घ्या.

खरी गोची पुढे, हे नियम क्लिप्समध्ये (नियमांवर चालणाऱ्या तज्ज्ञप्रणाली बनवायचं साधन) घालताना. जेरिपची यादी क्रमाने वाचायची असते: पाचवा नियम पहिले चार फसल्यावरच लागू. क्लिप्सला हा क्रम ठाऊक नसतो, एका रोपाला तीन रोग चिकटतात. वरून खाली उतरता सेलियन्स (नियमाचा अग्रक्रम) द्या, निदान झाल्यावर त्याची नोंद टाका आणि प्रत्येक नियमात ‘निदान नाही’ ही अट घाला. शेवटचा बिनअटीचा नियम (‘उरलेले सगळे अमुक रोगाचे’ म्हणणारा) मात्र काढाच; तिथे ‘तज्ज्ञाला दाखवा’ लिहा.