आधी शास्त्र, मग प्रार्थना: मुंबईत रोजची उपासना कशी जमवावी

पुष्कळ ख्रिस्ती घरांत शास्त्रवाचन (म्हणजे बायबलवाचन) आणि प्रार्थना शेजारी शेजारी चालतात, पण एकमेकींना भेटत नाहीत. एखादा अध्याय भराभर वाचून ग्रंथ मिटला जातो आणि मग डोळे मिटून आजारपण, नोकरी, मुलांच्या परीक्षा ही रोजचीच यादी देवापुढे मांडली जाते. ती यादी मांडण्यात गैर काहीच नाही. परंतु विश्वास खोल रुजावा असे वाटत असेल, तर आपली प्रार्थना नुकत्याच वाचलेल्या उताऱ्यातून निघाली पाहिजे. बाकीचे नियम आपापल्या सोयीने ठरवावेत, पण एवढे पथ्य सोडू नये.

त्यासाठी उतारा मागच्या-पुढच्या संदर्भासह वाचावा लागतो. व्हॉट्सॲपवर सकाळी फुलांच्या चित्रासह येणारे वचन दिलासा देते, मात्र त्याला शास्त्रवाचन म्हणता येत नाही. बायबलच्या जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन घ्या. देवाच्या मनातील संकल्प अनिष्टाचे नसून हिताचे आहेत, असे सांगणारे हे वचन लग्नपत्रिकेपासून निकालाच्या दिवसापर्यंत सगळीकडे फिरत असते. तोच अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला, तर ते बाबेलास (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून पाठवलेले पत्र आहे, हे ध्यानात येते. आदल्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सुटका होईल असे सांगून लोकांना खूश केले होते. यिर्मया मात्र सत्तर वर्षे म्हणतो. तोवर घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे तो लिहितो. नगर-जालन्याकडून पोटासाठी मुंबईत आलेल्या आणि ‘शेवटी गावीच जायचे’ असे म्हणत दोन पिढ्या इथेच काढलेल्या कुटुंबाला हे पत्र किती जवळचे वाटेल! असा उतारा वाचल्यावर प्रार्थनेसाठी विषय शोधावे लागत नाहीत: ज्या इमारतीत आपण राहतो तिथल्या माणसांसाठी, पहाटे रस्ता झाडणाऱ्या कामगारांसाठी, गर्दीच्या लोकलमध्ये दारात लटकून जाणाऱ्यांसाठी आणि लगेच उत्तर हवे असणाऱ्या आपल्या उतावीळ मनासाठीही प्रार्थना आपोआप सुरू होते.

वाचण्याची रीत सोपी आहे. दहा-पंधरा वचनांचा उतारा आधी मनात आणि नंतर हळू आवाजात वाचावा. कोण बोलतो आहे, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी, एवढे स्वतःला विचारावे. मग जिथे मन अडते तिथे थांबावे. मन सुखावणारी जागा जशी कामाची, तशीच खटकणारीही कामाची असते. तेच शब्द उचलून देवाशी बोलावे. कबुली देण्यासारखे काही सापडले तर कबुली द्यावी, आभार सुचले तर आभार मानावेत, आणि शेवटी काही क्षण काहीही न मागता बसावे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या, त्याही याच वाटेच्या आहेत.

खरी अडचण जागेची. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर, असे प्रभू येशू मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (मत्तयाने लिहिलेल्या येशूचरित्राच्या) सहाव्या अध्यायात सांगतो, पण एका खोलीत पाच माणसे राहत असतील तर कोणते दार लावायचे? मार्काच्या पहिल्याच अध्यायात मात्र तो स्वतः पहाटे अंधारात उठून गावाबाहेर एकांतात गेलेला दिसतो, म्हणजे घरात जमत नसेल तर बाहेर पडावे. नळाला पाणी येण्याआधीची वीस मिनिटे हा चाळीतला सर्वांत शांत वेळ. फोर्टमध्ये नोकरी असेल, तर दुपारच्या सुट्टीत १७१८ साली उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जाऊन बसता येते. लोकलमध्ये मोबाइलवर वाचायला हरकत नाही. तथापि छापील प्रत हातात असली की मध्येच संदेश येऊन लक्ष उडत नाही, हा फायदा मोठा आहे.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करावी. सोळाच अध्याय आहेत आणि कथन वेगवान आहे. त्याच्या जोडीला बायबलमधील स्तोत्रसंहितेतले, म्हणजे प्रार्थनागीतांच्या ग्रंथातले, रोज एक स्तोत्र घ्यावे. जुन्या भाषांतराची भाषा जड वाटल्यास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ शेजारी ठेवावे.

काही दिवस मन कोरडे राहील, शब्द फुटणार नाहीत. अशा वेळी उसना उत्साह आणू नये. तेरावे स्तोत्र ‘किती काळ?’ असे देवालाच विचारते, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटपर्यंत अंधारातून बाहेर येत नाही. तरीही शास्त्रात त्याला जागा आहे. ते मोठ्याने वाचणे हीच त्या दिवसाची प्रार्थना समजावी. तेही जमले नाही, तर ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे पाठ असलेले गीत म्हणावे.

आठवड्यातून एकदा तरी हेच वाचन घरच्यांसोबत किंवा आपल्या चर्चच्या मंडळीतील दोघा-तिघांसोबत करावे, कारण एकट्याने वाचताना आपण सोयीचा तेवढा अर्थ काढतो आणि शेजारचा माणूस नेमका आपण टाळलेला प्रश्न विचारतो. अडलेले उतारे वहीत टिपून पाळकांना किंवा फादरांना दाखवावेत. मार्क संपल्यावर नव्या करारातील फिलिप्पैकरांस पत्राचे चार अध्याय घ्यावेत, मग लूकचे शुभवर्तमान. प्रकटीकरण हे बायबलचे शेवटचे पुस्तक मात्र कोणी जाणकार सोबत असेल तेव्हाच उघडावे.