देवळाच्या बोर्डवर नाव लावताय? आधी पॉलिसी मागून घ्या

अमेरिकेत देवळाच्या नाहीतर मंडळाच्या कमिटीत या असा कुणी आग्रह केला की आपण लगेच हो म्हणतो, सेवाच तर आहे, पैसे थोडेच घेतोय. मी पण तसंच केलं होतं. पण संस्था चर्च असो, मंदिर असो की मराठी मंडळ, डायरेक्टर म्हणून नाव लागलं की केसमध्ये तुमचं स्वतःचं नाव येऊ शकतं. म्हणून आधी डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स इन्शुरन्स, ज्याला सगळे डी अँड ओ म्हणतात, म्हणजे बोर्डाच्या निर्णयांवरून होणाऱ्या केसेससाठीचा विमा, तो आहे का विचारा आणि पूर्ण पॉलिसी मागा, एक पानी सर्टिफिकेट नको.

"इन्शुरन्स आहे ना आपला" असं उत्तर येईल, पण ते बहुतेक वेळा जनरल लायबिलिटी असतं. पार्किंगमध्ये बर्फावरून घसरून कुणाचा पाय मोडला तर ते कामाला येतं. निवडणूक घटनेप्रमाणे घेतली नाही, शिखरासाठी घेतलेली देणगी किचनवर खर्च केली, असल्या निर्णयांवरून केस झाली तर डी अँड ओच लागतं. कुणाला नोकरीवरून काढलं तर एम्प्लॉयमेंट प्रॅक्टिसेस कव्हर लागतं, ते त्याच पॉलिसीत आहे का वेगळं घ्यायचंय ते बघा. आणि बालवर्ग चालवत असाल तर लैंगिक गैरवर्तनाचं कव्हर वेगळं विचारा, ते गृहीत धरू नका.

कुणीतरी १९९७ चा व्हॉलंटियर प्रोटेक्शन ॲक्ट सांगेल. तो आहे, बिनपगारी स्वयंसेवकाला साध्या निष्काळजीपणासाठी संरक्षण देतो, पण घोर निष्काळजीपणा नाही, गाडी चालवताना झालेलं नुकसान नाही, आणि संस्थेला तर नाहीच. शिवाय त्या कायद्याने केस काढून टाकायची तरी वकील करावाच लागतो, त्याची फी कोण भरणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच आमचा घात झाला. जनरल लायबिलिटीत बहुतेक वेळा घटना कधी घडली ते बघतात, डी अँड ओ मात्र क्लेम्स-मेड असतं, म्हणजे क्लेम कधी आला आणि तुम्ही कंपनीला कधी कळवलं ते बघतात. आमच्या एका माजी खजिनदारांनी निवडणुकीवरून वकिलाचं पत्र पाठवलं, पैशांची मागणी होती. सेक्रेटरींनी ते "आपापसात मिटवू" म्हणून हॉलच्या पावत्यांच्या फाइलमध्ये ठेवून दिलं, मध्ये पॉलिसी रिन्यू झाली, पाच महिन्यांनी केस आली तेव्हा कंपनीला कळवलं. उत्तर आलं की क्लेम त्या पत्राच्या दिवशीच झाला होता, तो जुन्या पॉलिसीत, आणि तुम्ही तेव्हा कळवलं नाही. खाली दुसरं कारण पण होतं, इन्शुअर्ड व्हर्सेस इन्शुअर्ड, म्हणजे पॉलिसीत माजी पदाधिकारी पण इन्शुअर्ड (विम्याचं संरक्षण असलेले) धरलेले आणि एका इन्शुअर्डने दुसऱ्यावर केलेली केस कव्हर नाही. आम्ही सात जणांनी वकिलाची फी वाटून भरली, त्यात एकाच्या मुलीचं कॉलेज त्याच वर्षी सुरू झालं होतं, ते मला अजून लागतं.

त्यामुळे वकिलाचं पत्र, पैसे मागणारा ईमेल, काहीही आलं की त्याच दिवशी ब्रोकरला लेखी कळवा. नुसतं भांडण धुमसत असेल तरी बहुतेक पॉलिसींत आधी कळवून ठेवायची सोय असते, ती वापरा. ब्रोकरला ही पण विचारणा करा की माजी पदाधिकाऱ्यांच्या केसला त्या इन्शुअर्ड व्हर्सेस इन्शुअर्ड अटीतून सूट मिळेल का, आणि वकिलाचा खर्च लिमिटच्या आत धरतात का बाहेर, कारण आत असेल तर दहा लाख डॉलरचं लिमिट वकीलच खात जातात. कंपनी बदलताना रेट्रोॲक्टिव्ह डेट, म्हणजे ज्या तारखेनंतरच्या निर्णयांवरचे क्लेम पॉलिसी धरते ती, जुनीच राहू द्या, थोड्या प्रीमियमसाठी ती सोडू नका.

आणि पुजारी किंवा आचारी पगारावर असतील तर एक गोष्ट डी अँड ओवर सोडूच नका, ती म्हणजे पगारातून कापलेला टॅक्स. तो आयआरएसला (अमेरिकेच्या टॅक्स खात्याला) भरला नाही तर चेकवर सही करणाऱ्याकडून वैयक्तिक वसूल होऊ शकतो, टॅक्स कायद्याच्या कलम ६६७२ खाली, पूर्ण रक्कम. नुसते मानद, व्यवहारात नसलेले आणि काहीच माहीत नसलेले बोर्ड सभासद सुटू शकतात, खजिनदार नाही. दर तिमाहीला फॉर्म ९४१ (पगारावरच्या टॅक्सचा फॉर्म) आणि भरल्याची पावती मीटिंगमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघा.