जास्वंदीच्या कळ्या गळायच्या थांबल्या, माझा अनुभव

माझ्या कुंडीतल्या जास्वंदीला कळ्या भरपूर यायच्या पण उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळायच्या, मी आपली खत वाढवत बसले. मग एक दिवस पान उलटून बघितलं तर देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं चिकट काहीतरी, म्हणजे मिलीबग नावाची कीड, आणि खोडावर मुंग्यांची रांग. मुंग्या या किडीतून निघणारा गोड चिकटा खातात आणि तिला सांभाळतात पण, कळ्या गळण्याचं खरं कारण ही कीडच! खराब शेंडे छाटले, 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड सोप घालून दर आठवड्याला संध्याकाळी फवारलं, पानांच्या खालून सुद्धा. जास्वंदीला फूल नव्या फुटव्यावरच येतं त्यामुळे छाटायला घाबरू नका. दीड महिन्यात पहिलं लाल फूल पूर्ण उमललं, एवढा आनंद झाला!