गूगल फॉर्म आणि शीटवर घरखर्चाचा हिशेब कसा ठेवावा

घरखर्च मांडण्यासाठी तयार अ‍ॅप पुष्कळ आहेत. तरीही ज्या घरात दोघे-तिघे जण खर्च करतात आणि पैसे कधी रोखीने, कधी यूपीआयने जातात, तिथे गूगल फॉर्म (मोबाइलवर भरायची प्रश्नावली) व त्याला जोडलेली गूगल शीट (त्या नोंदी आपोआप जमा होणारा तक्ता) मला अधिक सोयीची वाटते. कारण ती मोफत आहे, प्रत्येकाच्या मोबाइलवर चालते आणि खर्चाची खाती आपल्या घराप्रमाणे पाडता येतात.

सुरुवात खात्यांपासून करावी. किराणा, दूध, भाजी-फळे, वीज आणि गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, शिक्षण, प्रवास, औषधपाणी, घरकामाच्या मावशींचा पगार, सणवार व आहेर अशी दहा-बारा खाती पुरतात. त्याहून अधिक केली की नोंद करताना माणूस अडखळतो आणि आठवडाभरात नोंदी थांबतात.

नवीन फॉर्ममध्ये तारीख, रक्कम, खाते, पैसे कसे दिले आणि तपशील एवढेच प्रश्न घ्यावेत. खात्यासाठी ड्रॉपडाउनच (तयार यादीतून निवडण्याचा पर्याय) ठेवावा. प्रत्येकाने हाताने लिहिल्यास ‘किराणा’ आणि ‘किराणा सामान’ ही शीटच्या दृष्टीने दोन वेगळी खाती होतात आणि बेरीज फसते. मग फॉर्मच्या प्रतिसादांच्या भागातून तो शीटला जोडावा व त्याची लिंक सर्वांच्या मोबाइलच्या होम स्क्रीनवर ठेवावी.

नोंद पैसे देताच करावी, विशेषतः यूपीआयच्या बाबतीत. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैसे कोणाला गेले ते दिसते, कशासाठी गेले ते दिसत नाही. त्यातही पुष्कळदा दुकानाऐवजी मालकाचे नाव येते आणि महिनाअखेरीस ते ३४० रुपये भाजीचे होते की इस्त्रीचे, हे कोणालाच आठवत नाही.

आठवड्यातून एकदा स्टेटमेंट शेजारी ठेवून नोंदी ताडून पाहाव्यात. या वेळी एक काळजी घ्यावी. एटीएममधून काढलेली रोकड हा खर्च नव्हे, ती पाकिटातून जाईल तेव्हाच खर्च धरावा. क्रेडिट कार्डाने केलेली प्रत्येक खरेदी नोंदवत असाल, तर कार्डाचे बिल भरल्याची नोंद पुन्हा करू नये, अन्यथा एकच खर्च दोनदा मोजला जाईल. आवर्ती ठेव, एसआयपी (म्युच्युअल फंडातली नियमित गुंतवणूक) आणि भिशीचा हप्ता यांचे ‘बचत’ असे स्वतंत्र खाते असावे.

महिन्याचा आढावा घेण्यासाठी शीटमध्ये पिव्हट टेबल (नोंदींची गटवार बेरीज करून देणारा तक्ता) घालावे : ओळींत खाते, स्तंभांत तारीख, मूल्यांत रकमेची बेरीज. तारखांचा गट वर्ष-महिन्यानुसार केला की प्रत्येक खात्याचा मासिक खर्च शेजारी-शेजारी दिसतो. निदान तीन महिन्यांचे आकडे हाती येईपर्यंत अंदाजपत्रक करू नये, असे माझे ठाम मत आहे. मनाने ठरवलेला आकडा बहुधा कमी असतो आणि पहिल्याच महिन्यात तो मोडला की हिशेबावरचा विश्वास उडतो.

अंदाजपत्रक बिघडते ते मुख्यतः वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांमुळे. समजा, शाळेची फी ३६,००० रुपये, विम्याचा हप्ता २४,०००, दिवाळी १५,०००, घरपट्टी ६,००० आणि स्कूटरचा विमा व दुरुस्ती ४,८०० असेल, तर एकूण ८५,८०० रुपये होतात, म्हणजे दरमहा ७,१५०. ही रक्कम पगार जमा होताच वेगळ्या बचत खात्यात वळती करावी आणि मगच उरलेल्या पैशांत महिना बसवावा. जूनमध्ये फी भरण्यासाठी उसनवारी करावी लागते, तेव्हा कारण बहुधा हीच तरतूद नसणे हे असते, भाजीच्या पिशवीतली उधळपट्टी नव्हे.

शीट शेअर करताना ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय न निवडता घरातल्यांचे ई-मेल पत्ते घालावेत आणि तिच्यात खाते क्रमांक, पिन किंवा पासवर्ड कधीही लिहू नयेत. पुढे एखादे तयार अ‍ॅप वापरावेसे वाटलेच, तर ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते का ते आधी पाहावे. बँकेचे ओटीपी त्याच एसएमएसमध्ये येत असल्यामुळे, अशी परवानगी न देता वापरता येणारे अ‍ॅप निवडलेले बरे.