पेपर दिसतोय पण पीडीएफ नाही? आधी एम्बार्गो बघा

डेटाबेसमध्ये पेपरचं टायटल दिसतं, अ‍ॅबस्ट्रॅक्ट दिसतं आणि पीडीएफचा पत्ताच नाही, मग आपण धरून चालतो की लायब्ररीने हे जर्नल घेतलेलंच नाही. तसं नसतं बरेचदा. एब्स्को किंवा प्रोक्वेस्टसारखे डेटाबेस शेकडो पब्लिशरची जर्नल्स एकत्र करून देतात, आणि नवा अंक लगेच तिथे आला तर लायब्ररी थेट वर्गणी कशाला भरतील, ही पब्लिशरची भीती. म्हणून ते फुल टेक्स्ट ६, १२, कधी १८ महिने अडवून ठेवतात, यालाच एम्बार्गो म्हणायचं.

पहिलं काम, पेपर सोडा आणि जर्नलच्या नावावर क्लिक करा. जर्नलच्या पानावर फुल टेक्स्ट कधीपासून आहे आणि किती महिन्यांचा डिले आहे ते लिहिलेलं असतं. एब्स्कोच्या टायटल लिस्टमध्ये तर डिलेच्या महिन्यांचा वेगळा कॉलमच असतो, तिथे १२ दिसलं की समजायचं, गेल्या वर्षभराचे अंक इथे मिळणार नाहीत, कितीही वेळा सर्च करा.

जेस्टोर या जर्नल्सच्या जुन्या अंकांच्या डेटाबेसचा हिशोब वेगळा, तिथे मूव्हिंग वॉल असते, म्हणजे सगळ्यात ताजी काही वर्षं अडवून ठेवणारी सरकती भिंत, बहुतेक जर्नल्सना ३ ते ५ वर्षांची, आणि गंमत अशी की चालू वर्ष त्यात धरत नाहीत. म्हणजे २०२५ मध्ये बसून ५ वर्षांची वॉल असलेलं जर्नल बघताय तर २०१९ पर्यंतचेच अंक उघडतील, २०२० चे नाही. नवीन वर्ष लागलं की भिंत एक वर्ष पुढे सरकते.

आता मिळवायचं कसं. आधी लायब्ररीच्या साइटवर ई-जर्नल्सची ए टू झेड लिस्ट असते तिथे जर्नलचं नाव टाका, कारण तेच जर्नल लायब्ररीने पब्लिशरकडून थेट घेतलेलं असू शकतं आणि तिथे एम्बार्गो नसतो. ही पायरी लोक हमखास गाळतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीने थीसिसमधून अगदी कळीचा पेपर याच कारणाने वगळला, परीक्षकांनी नेमका तोच विचारला, आणि नंतर बघितलं तर तो लायब्ररीच्याच दुसऱ्या लिंकवर पहिल्या दिवसापासून होता. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

तिथेही नसेल तर डीओआय कॉपी करा, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख नंबर, तो १० ने सुरू होतो, आणि अनपेवॉल हे ब्राउझर एक्स्टेंशन टाकून पेपरचं पान उघडा, फुकट आणि कायदेशीर कॉपी कुठे असेल तर बाजूला हिरवं कुलूप दिसतं. गूगल स्कॉलरवर पेपरच्या खाली ऑल व्हर्जन्सवर पण क्लिक करून बघा, लेखकाच्या युनिव्हर्सिटीच्या रिपॉझिटरीतली, म्हणजे तिथल्या ऑनलाइन संग्रहातली, कॉपी कितीदा तरी तिथेच सापडते. मेडिकलवाल्यांनी पबमेड सेंट्रल हा फुकट पेपरांचा ऑनलाइन संग्रह बघायचाच. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशातून झालेलं संशोधन तिथे टाकावंच लागतं, आधी त्याला १२ महिन्यांपर्यंत सूट होती, पण १ जुलै २०२५ पासून स्वीकारलेले पेपर छापून आले की त्याच दिवशी खुले व्हायला हवेत. जुन्या पेपरना हा नियम लागू नाही हे लक्षात ठेवा.

एवढं करूनही नाही मिळाला तर इंटरलायब्ररी लोनचा फॉर्म भरा. ज्या लायब्ररीकडे तो अंक आहे ती स्कॅन पाठवते, दोनचार दिवस जातात, म्हणून डेडलाइनच्या आदल्या रात्री हा उपाय कामाचा नाही. आणि त्याच दिवशी लेखकाला मेल टाका, पेपरवर करस्पाँडिंग ऑथरचा, म्हणजे पत्रव्यवहार बघणाऱ्या लेखकाचा, पत्ता असतो, तीन ओळी पुरे, आपण कोण, कोणता पेपर, कशासाठी हवा. लाजू नका हो, आपलं काम कोणीतरी वाचतंय याचा लेखकाला आनंदच होतो. पब्लिशरला पैसे भरायचा विचार या सगळ्यानंतर.

रिपॉझिटरीतून किंवा लेखकाकडून आलेली कॉपी पुष्कळदा अ‍ॅक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट असते, म्हणजे जर्नलने स्वीकारलेली पण छपाईआधीची प्रत, मजकूर जवळपास तोच पण छापील पान नंबर नसतात. थीसिसमध्ये शब्दशः उतारा घेणार असाल तर एम्बार्गो संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि छापील प्रत उघडली की पान नंबर तपासून भरा.