वडिलांच्या नावावरचे घर

वडील गेल्यानंतरही गोव्यातल्या डिचोलीचे घर त्यांच्याच नावावर असल्याने बँक दुरुस्तीचे कर्ज देईना. बहिणींचे प्रतिज्ञापत्र पुरेल, हा मिळालेला सल्ला अपुरा होता. गोव्यात मुलगे-मुली समान वारस आहेत आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल तर संपत्ती पतिपत्नींची सामाईक असते. म्हणून निम्मे घर मुळातच आईचे होते आणि भावोजींच्या सह्याही हव्या होत्या. सर्वांचे जन्म-विवाहाचे दाखले जमवून (आईचा विवाह पोर्तुगीज काळातील हस्तलिखित नोंदवहीत सापडला, तेव्हा मोठा दिलासा मिळाला) आम्ही 2012 च्या वारसा कायद्याप्रमाणे, विशेष नोटरी म्हणूनही काम पाहणाऱ्या उपनिबंधकांसमोर डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे कायदेशीर वारस कोण हे नोंदवणारा दस्त, केले. पुढे जमिनीचे म्युटेशन, म्हणजे सरकारी नोंदीतला नावबदल, झाले. वाटणीवर मतभेद असते, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी प्रक्रियेसाठी (मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवण्यासाठी) जावे लागले असते.