पहिला रॉक क्रॉलर: टायर आधी, मोटर शेवटी

रिमोटची गाडी म्हटली की समोरचा आधी विचारतो, "पळते किती?" रॉक क्रॉलरच्या बाबतीत या प्रश्नाला अर्थ नाही. ही गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाते. स्वतःच्या चाकाएवढ्या दगडावर न उलटता चढायचं आणि तेवढ्याच सावकाशीनं पलीकडे उतरायचं, एवढंच तिचं काम. म्हणून तयारीचा क्रम असा धरा: टायर, मग वजन, मग सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), मग बॅटरी-चार्जर, आणि गाडी पळवणारी मोटर सगळ्यात शेवटी. नवखा माणूस हमखास मोटरपासून सुरुवात करतो आणि टायरपर्यंत येईस्तोवर खिसा रिकामा झालेला असतो.

गाडी निवडताना १/१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, घ्या. या मापात पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर बहुतेक ३१३ किंवा ३२४ मिलिमीटर आणि रिम १.९ इंची असतं. हे आकडे ठरलेले असल्यामुळे एका कंपनीच्या गाडीला दुसऱ्या कंपनीचे टायर, रिम, बॉडी चालून जातात. १/२४ ची चिमुकली गाडी घरात उशांवर चढवायला मजेची आहे, पण तिच्यावर हात बसवून मोठ्या गाडीचं काम शिकता येत नाही. १/१२ आणि १/१६ मधल्या स्वस्त गाड्यांचे गिअर प्लॅस्टिकचे असतात आणि पुढे सुधारणा करत गेलं की मूळ गाडीपेक्षा सुधारणाच महाग पडतात. तयार गाडी घ्यायची की सुटा किट, यावर माझं मत किटच्या बाजूनं आहे. कारण साधं आहे: सोलापुरात सुटे भाग बहुधा कुरिअरनंच येणार, तेव्हा काय तुटलं आणि नेमका कुठला भाग मागवायचा हे ज्यानं गाडी स्वतः बांधली त्यालाच पटकन कळतं. मात्र किट घेण्याआधी त्याचे ॲक्सल (ज्यांच्या टोकांना चाकं बसतात ते आडवे दांडे), गिअर आणि लिंक (ॲक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) भारतात मिळतात का ते बघून ठेवा. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी अनेकदा विमानानं न येता रस्त्यानं येते, त्यामुळे तिची ऑर्डर सगळ्यात आधी टाका.

आता टेबल. टेबलावर काहीतरी अंथरायचं म्हटल्यावर सोलापूरकराचा हात आपोआप चादरीकडे जातो. नका अंथरू. चादरीच्या विणीत आणि टॉवेलच्या लवेत दोन मिलिमीटरचा स्क्रू गेला की शोधत बसा. जुनी पांढरी बेडशीट बरी. स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे ठेवायला कप्प्यांचं स्टीलचं जेवणाचं ताट आणा, त्याच्या तोडीचा डबा बाजारात नाही. ॲलन ड्रायव्हर १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे लागतील, आणि नटांसाठी ५.५ आणि ७ चे. ७ चा चाकाच्या नटाला. यात काटकसर करू नका. हार्डवेअरच्या दुकानातला घडीचा ॲलन सेट सायकलला ठीक आहे, पण त्याची टोकं मऊ असतात आणि स्क्रूचं डोकं गोल करून ठेवतात. निळ्या रंगाचं थ्रेडलॉक एक छोटी बाटली. ते धातूत जाणाऱ्या धातूच्या स्क्रूलाच लावायचं. प्लॅस्टिकला लागलं तर प्लॅस्टिक तडकतं.

बांधणीत दोन ठिकाणी घाई चालत नाही. पहिलं म्हणजे मोटरचा छोटा गिअर आणि त्याला भिडणारा मोठा गिअर यांतलं अंतर. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, दोन्ही गिअरच्या दातांमध्ये सरकवा, मोटर त्यावर दाबून स्क्रू आवळा आणि मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या उमटलेल्या हव्यात, पण ती फाटलेली नको. फाटली तर गिअर फार जवळ आहेत, मोटर तापेल. घड्याच नीट उमटल्या नाहीत तर गिअर लांब आहेत, पहिल्याच दगडावर दात जातील. छोट्या गिअरचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला बारीक स्क्रू) मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवर आला आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या. दुसरं ठिकाण सर्व्होचं. सर्व्होवर हॉर्न (त्याच्या दांड्यावर बसणारी छोटी पट्टी) बसवण्याआधी रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा गाडीतला डबा) जोडा, रिमोट चालू करा, ट्रिम (मधला बिंदू सरकवायचं रिमोटवरचं बटण) शून्यावर आणा, सर्व्हो मधोमध येऊ द्या आणि मगच हॉर्न घाला. उलट केलंत तर गाडी एका बाजूला चांगली वळेल, दुसऱ्या बाजूला अर्धीच. त्यानंतर रिमोटमध्ये दोन्ही बाजूंची मर्यादा लावा, म्हणजे चाक पूर्ण वळल्यावर सर्व्हो उगाच रेटत बसणार नाही. रेटणारा सर्व्हो गुरगुरतो. तो आवाज ऐकू आला की मर्यादा थोडी कमी करा, नाहीतर सर्व्हो जळतो.

सर्व्हो धातूच्या गिअरचा आणि किमान २० किलो ताकदीचा घ्या, २५ असेल तर उत्तम. दोन दगडांमध्ये अडकलेलं चाक गाडीचं अख्खं वजन अंगावर घेऊन वळवायचं असतं, म्हणून ही ताकद लागते. एक गोष्ट मात्र आधीच तपासा: बऱ्याच ईएससींमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) सर्व्होला वीज देणारा भाग, म्हणजे बीईसी, ३ अँपिअरचाच असतो. मोठा सर्व्हो अडकला की तो त्याहून जास्त ओढतो, रिसीव्हरची वीज क्षणभर जाते आणि गाडी दगडावर मेल्यासारखी थांबते. लोक दोष रिमोटला देतात. वेगळा बीईसी लावला की प्रश्न मिटतो. शॉकॲब्सॉर्बरमध्ये जाडीचा आकडा ३० च्या आसपास असलेलं सिलिकॉन तेल भरा आणि पिस्टन सावकाश वर-खाली करून बुडबुडे निघून जाऊ द्या. त्यापलीकडे सुरुवातीला त्यात फार डोकं घालू नका.

ब्रश मोटर ५४० मापाची, ३५ ते ५५ टर्नची पुरते. टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे; ते जितके जास्त तितका वेग कमी आणि हळू चालवताना ताबा जास्त. ब्रशलेसचा विचार पुढच्या वर्षी करा. ईएससी क्रॉलरसाठीची हवी, म्हणजे ट्रिगर सोडला की गाडी उतारावर जागच्या जागी थांबते. या ब्रेकची सेटिंग पूर्ण शंभर टक्क्यांवर ठेवा.

बॅटरीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात असतो आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. लिपो बॅटरी ६० अंशांच्या पुढे गेली की धोक्याच्या हद्दीत येते. ती डिकीत, कारच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायची नाही. गाडी चालवायला जाताना खांद्याच्या पिशवीत, सावलीत. सुरुवातीला दोन सेलची ७.४ व्होल्टची पुरे. प्रत्येक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट दाखवतो, ३.२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि दोन-चार दिवस गाडी चालवणार नसाल तर ३.८ वर आणून ठेवायचा. बऱ्याच ईएससींवर लिपो आणि निमएच (दुसऱ्या प्रकारची रिचार्जेबल बॅटरी) यांतलं एक निवडायचा छोटा जंपर असतो. तो लिपोवर आहे ना, हे बॅटरी जोडायच्या आधी बघा, नाहीतर बॅटरी तळापर्यंत रिकामी होईल आणि फुगेल. चार्जर बॅलन्स करणाराच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणाराच, घ्या आणि बॅटरीच्या क्षमतेएवढाच करंट लावा: २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअर. चार्जिंग शहाबादी फरशीवर करा, आजूबाजूला कापड, कागद, गादी काही नको. समोर बसून करा. रात्री लावून झोपायचं नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. चालवून आणलेली गरम बॅटरी आधी थंड होऊ द्यायची, मग लावायची.

कनेक्टर बदलायचा असेल तर ६० वॅटची सोल्डरगन लागेल. रेडिओ दुरुस्तीची २५ वॅटची जाड वायरीला पुरत नाही. आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी कात्रीनं एकदम कापू नका, शॉर्ट होते. एक कापा, सोल्डर करा, स्लीव्ह चढवा, मग दुसरी.

आता वजन. क्रॉलर उलटतो तो वजन वर आणि मागे असल्यामुळे. घरच्या किचन स्केलवर पुढची दोन चाकं ठेवा, मागची चाकं तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. आकडा लिहा, मग उलट करा. पुढे साधारण ६० आणि मागे ४० टक्के पडलं तर गाडी चढावर नाक उचलत नाही. बॅटरी शक्य तितकी पुढे आणि खाली सरकवून निम्मं काम फुकटात होतं. उरलेलं काम पितळेचं. ॲल्युमिनिअमचे रंगीत भाग दिसायला छान असतात, पण पितळ त्याच्या तिपटीहून जड आणि इथं जडच हवं, फक्त ते चाकांच्या उंचीत हवं.

इथं सोलापूरकराची सोय आहे. यंत्रमागाचे सुटे भाग काढून देणारे लेथवाले आपल्याकडे आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या बाजूला चौकशी करा. रिमच्या आतला घेर व्हर्निअरनं मोजा, कागदावर मापं लिहून न्या: बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर, आतला २६, जाडी ८, अशी पितळेची एक कडी साधारण ५० ग्रॅम भरते. मापं तुमच्या रिमप्रमाणे बदलतील, आणि चाक वळताना कडी ॲक्सलच्या टोकाला घासत नाही ना तेही बघावं लागेल. मिस्त्री हसणार, "एवढ्याशा दोन कड्या? कशाला पाहिजेत बे?" म्हणणार. गाडी सोबत नेलीत तर प्रश्न संपतात, आणि काम संपेपर्यंत रिमोट त्यांच्याच हातात असतो. बेअरिंगचंही तसंच. ५x११x४ आणि १०x१५x४ ही मापं बेअरिंगच्या दुकानात विचारून बघायला हरकत नाही. कड्या फक्त पुढच्या चाकांत घाला. चारही चाकं जड केली तर सर्व्हो आणि ॲक्सलचे गिअर बोंबलतात.

वजनाचा फरक कळायला एक फळी पुरते. गाडी फळीवर आडवी उभी करा, एक कड हळूहळू उचला, वरची चाकं सुटली की थांबा आणि मोबाइलच्या लेव्हल ॲपवर कोन वाचा. हा कोन पेन्सिलनं फळीवरच लिहून ठेवा. यापुढे गाडीवर जे काही लावाल त्यानंतर पुन्हा फळी.

टायर मऊ रबराचे, आत मऊ फोम. रिम बीडलॉकचं असेल तर टायर स्क्रूच्या कडीनं धरला जातो, गोंद लागत नाही आणि फोम बदलून पाहता येतो. हवा आत-बाहेर व्हायला रिमला बारीक भोक हवं. कोरड्या काळ्या बेसॉल्टवर मऊ रबर गोंद लावल्यासारखं धरतं. पावसाळ्यात काळ्या मातीत मात्र कुठलंच रबर चालत नाही. नक्षी चिकणमातीनं भरते आणि चाकाचा लाडू होतो.

बॉडी हा हौसेचा भाग आणि वजनाचा शत्रू. पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवायची असते, त्यासाठीचाच स्प्रे घ्या. साधा स्प्रे पहिल्या धडकेत खपल्यांनी निघतो. आतून साबणानं धुवा, काचांवर मास्किंग टेप, गडद रंग आधी, फिका नंतर, शेवटी पांढऱ्याचा हात. बाहेरची संरक्षक फिल्म सगळं वाळल्यावरच काढा. उन्हाळ्यात दुपारी मारलात तर रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो, सकाळी लवकर उरका. मागे एमएच १३ ची पाटी, छतावर कॅरिअर, कॅरिअरवर जुन्या चादरीच्या काठाची १२ सेंटिमीटरची गुंडाळी सुतळीनं बांधलेली: याला मीही नाही म्हणणार नाही. पण कॅरिअर पितळी तारेचं सोल्डर करू नका. फ्लेक्सवाल्याकडे ३ मिलिमीटरच्या सनबोर्डचे तुकडे पडलेले असतात, त्यांचा करा. डबे, ड्रम थर्माकोलचे करून रंगवा. मागच्या दाराला खरं स्टेपनी चाक लावायचा मोह आवरा, किंवा लावा आणि फळीवर कोन बघा, मोह आपोआप आवरेल.

चालवायला जागा शोधताना शेतात विहीर खणून काठावर टाकलेला दगड-मुरमाचा ढीग डोळ्यासमोर ठेवा. चढ, कपारी, सुटे दगड, सगळं एका जागी मिळतं. मालकाला विचारून जा. चालू खाणीत आणि क्रशरवर जायचं नाही. भुईकोट किल्ल्याचे दगड ओळखीचे आणि मोहात पाडणारे असले तरी ते गाडीसाठी नाहीत, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावर तर मुळीच नाही.

निघताना बॅगेत ॲलन ड्रायव्हर, सातचा पाना, सुटे चाकनट, केबल टाय, रंगकामाचा एक जुना ब्रश आणि पाणी. रिमोट नेहमी आधी चालू, गाडी नंतर. बंद करताना उलट. पहिल्या दिवशी गाडी जागेवर वळवताना टायर घासतात, कुरकुरतात. घाबरू नका, बहुतेक क्रॉलरचे डिफरन्शिअल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) लॉक केलेलेच असतात, दोन्ही बाजूंची चाकं सारखीच फिरतात. दहा मिनिटांनी थांबून मोटरला बोट लावा. बोट ठेववत नसेल तर छोट्या गिअरचे एक-दोन दात कमी करा. पहिली बॅटरी संपली की चाकांचे नट, ग्रब स्क्रू आणि लिंकचे स्क्रू पुन्हा आवळा, नव्या गाडीचे यातले काही सैल झालेले असतातच. मुरमाची धूळ ब्रशनं तिथंच झाडा, विशेषतः मोटरच्या भोकांपाशी. मोटर बदलायची की नाही हे अशा चार-पाच बॅटऱ्या झाल्यावर ठरवा; तोवर बहुधा ऑर्डरच्या यादीत धातूचा सर्व्हो हॉर्न आणि आणखी मऊ फोम चढलेले असतील.